वाचकांचे प्रश्न : औषधाची द्राक्षे, किरण दिलेला कांदा आणि तपासणीचा कागद

प्रश्न : नाशिकला जानेवारीपासून हातगाड्यांवर द्राक्षे येऊ लागतात. घडांवर पांढरट थर दिसतो, मणी चांगले लांबट असतात आणि शेजारच्या काकू सांगतात की ही सारी संजीवकात, म्हणजे वाढ घडवणाऱ्या द्रव्यात, बुडवलेली, ‘औषधाची’ द्राक्षे आहेत, मुलांना देऊ नका. शास्त्रज्ञ मात्र घाबरू नका म्हणतात. विश्वास कोणावर ठेवावा?
— एक गृहिणी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मण्यांवरचा पांढुरका थर बहुतेक वेळा द्राक्षाचा स्वतःचाच असतो. सालीवर निसर्गतः मेणाचा पातळ थर तयार होतो. बोटाने चोळला की तो निघतो आणि खालची साल चकाकते. डाग निळसर असतील किंवा थेंब सुकल्यासारखे दिसत असतील, तर ते फवारणीचे असू शकतात.

संजीवकाबद्दल शेजारच्या काकूंनी सांगितलेली माहिती खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपल्याकडची थॉमसन, सोनाका ही द्राक्षे बिनबियांची आहेत. बी असलेल्या द्राक्षात मणी फुगवणारे जिबरेलिन मुख्यतः बियांकडून मिळते. बी नसले की तो पुरवठा तुटतो आणि मणी बारीक राहतो. ती उणीव भरून काढण्यासाठी मणी अगदी कोवळे असताना मजूर बाया मगात ‘जीए’चे, म्हणजे याच जिबरेलिनचे, पातळ द्रावण घेतात, तो मग घडाखाली धरून वर उचलतात, घड पूर्ण भिजला की पुढच्या घडाकडे वळतात. द्रावणाचे प्रमाण लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजावे इतके थोडे असते आणि त्यानंतर तोडणीला बराच अवधी असतो. भाताची रोपे अवाजवी उंच वाढवणाऱ्या एका बुरशीच्या अभ्यासातून १९२६ साली जपानमध्ये या द्रव्याचा माग लागला आणि आजही ते बुरशी आंबवूनच तयार करतात. काळजीच्या यादीत मी त्याला सर्वांत शेवटी ठेवीन.

यादीच्या आरंभी कीटकनाशकांचे आणि बुरशीनाशकांचे अवशेष यायला हवेत. प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे हे ठरलेले असते. त्याला काढणीपूर्व कालावधी म्हणतात. माल तयार होत आलेला असताना अवकाळी पाऊस झाला, डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची भीती उभी राहिली आणि त्याच आठवड्यात बाजारात तेजी आली, तर तो कालावधी मोडण्याचा मोह होतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांबाबत या मोहाला बांध घातलेला आहे, कारण त्यासाठी बागेची नोंदणी होते, तोडणीपूर्वी त्याच बागेतून नमुना घेतला जातो आणि प्रयोगशाळेचा अहवाल ‘ग्रेपनेट’ या निर्यात द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदवहीवर चढल्याशिवाय माल पुढे जात नाही. ही व्यवस्थाही पहिल्या दिवसापासून निर्दोष नव्हती. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात ते वाढ रोखणारे रसायन, मर्यादेपेक्षा जास्त सापडले, कारण तोवर आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतेच. कंटेनर अडकले आणि यादी चुकल्याची झळ बागाईतदारांनी सोसली. त्यानंतर ते यादीत आले.

हातगाडीवरच्या घडामागे असा बागेगणिक तपासणीचा कागद नसतो. अवशेषांच्या मर्यादा देशातही कायद्याने ठरलेल्या आहेत, पण तपासणी अधूनमधून घेतलेल्या नमुन्यांपुरती होते. त्यामुळे आपला अविश्वास मी अडाणीपणाचा मानत नाही. तो संजीवकाऐवजी या त्रुटीवर रोखला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे. जो अहवाल परदेशी ग्राहकाला मिळतो तो नाशिककरालाही मागता आला पाहिजे. तोवर द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, मात्र आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषले जाणारे, औषध धुण्याने जात नाही हेही ध्यानात ठेवावे. शक्य असेल तिथे स्वतः माल विकणाऱ्या बागाईतदाराकडून द्राक्षे घ्यावीत आणि शेवटची फवारणी कोणती व कधी झाली हे सरळ विचारावे. नियम पाळणारा बागाईतदार या प्रश्नाने रागावत नाही.

प्रश्न : आमचा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, पावसाळ्यानंतर कोंब धरतो. लासलगावच्या केंद्रात किरण दिलेला कांदा टिकतो असे ऐकतो, पण गावात लोक म्हणतात की तो कांदा ‘मेलेला’ असतो आणि खाणाऱ्याच्या अंगात किरण जातात.
— एक कांदा उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : अंगात किरण जात नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात. कोबाल्ट बंदिस्त असतो आणि कांद्याला त्याचा स्पर्शही होत नाही. या किरणांची ऊर्जा कांद्यातील अणूंना किरणोत्सारी बनवण्याइतकी नसते. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगातून जसे किरण निघत नाहीत, तसेच हे आहे. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा देतात. जागतिक आरोग्य संघटनेसह तीन आंतरराष्ट्रीय संस्थांच्या तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये १०,००० ग्रेपर्यंतची मात्रा अन्नासाठी निर्धोक ठरवली होती.

‘मेलेला’ या शब्दात मात्र थोडे तथ्य आहे आणि ते लपवू नये. किरणांमुळे गाभ्यातल्या कोंबाच्या पेशींचे विभाजन थांबते, म्हणूनच कोंब येत नाही. असा कांदा काही महिन्यांनी चिरला तर मधला कोंब कधी तपकिरी दिसतो, आणि डोंगळ्यासाठी, म्हणजे बी धरण्यासाठी, लावला तर त्याचा उपयोग होत नाही. पाकळ्या मात्र खाण्यास योग्यच राहतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा हिशेब वेगळा आहे. किरणांनी कोंब थांबतो, पण सड थांबत नाही आणि वजनातली घटही थांबत नाही. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतानाच किरण द्यावे लागतात. कोंब दिसू लागल्यावर माल नेऊन काहीही साधत नाही. वाहतूक, हाताळणी आणि पुढची साठवण यांचा खर्च धरून, आपल्या चाळीत दरवर्षी कोंबामुळे किती कांदा जातो आणि सडीमुळे किती जातो हे आधी वेगळे मोजा. सडच जास्त असेल, तर पैसा कांद्याच्या माना नीट सुकवण्यावर आणि चाळीत हवा खेळती ठेवण्यावर आधी खर्च करावा. तंत्रज्ञान सरसकट तारणारे म्हणून सांगितले गेले आणि चाळीत तसे घडले नाही, की गावाचा विश्वास उडतो. याचा दोष सांगणाऱ्याकडे जातो.

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे, पण वडील माझ्यापेक्षा आणि विद्यापीठाच्या शिफारशींपेक्षा औषध दुकानदाराचे जास्त ऐकतात. काय करावे?
— एक तरुण, दिंडोरी

उत्तर : दुकानदार रोज भेटतो, उधारी देतो आणि रोग दिसला त्याच दिवशी काहीतरी हातात ठेवतो, शिफारस पुस्तिकेत राहते. पण विकणाराच सल्लागार असला की डबे वाढतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा संरक्षक साधनांविना केलेली फवारणी आणि औषधांची अविचारी मिश्रणे हे दोन्ही प्रश्न उघडे पडले. विज्ञानावर विश्वास ठेवा असे त्या घरांना नुसते सांगणे मला क्रूर वाटते.

वडिलांशी वाद घालू नका. बागेतल्या दोन ओळी मागून घ्या, तिथे शिफारशीप्रमाणे फवारण्या करा, खर्च आणि उत्पन्न वहीत लिहा. त्यांना एकदा मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात सोबत न्या आणि तिथल्या तज्ज्ञांपुढे वडिलांना स्वतःच प्रश्न मांडू द्या. आणि आजच करता येईल असे एक काम म्हणजे घरातले सगळे औषधाचे डबे काढून त्यांवरचे त्रिकोण पाहा. लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा असतो. असे डबे मुलांच्या हाताबाहेर, कुलपात ठेवा आणि त्या औषधांच्या फवारणीला मजूर हातमोजे व मास्क लावूनच उतरेल याची जबाबदारी स्वतः घ्या.