साध्या कारमध्ये ९५ किंवा १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाकल्याने मायलेज वाढतं का?

नाही वाढत. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाब वाढला तरी आपोआप पेट न घेण्याची त्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणामागे ९१ लिहिलं असेल, तर एक्सपी१०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) भरून पंपवालाच खूश होईल.

टर्बो इंजिनाचं गणित वेगळं. तिथे दाब जास्त, त्यामुळे कंपनीने ९५ सांगितलं असेल तर तेच भरा. कमी ऑक्टेन मिळालं की पेट्रोल आपोआप पेटू लागतं (नॉकिंग); नॉक सेन्सर ते ओळखतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण पिकअप मरतो.

घाटात वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो? ते नॉकिंग. आधी गिअर खाली घ्या. तरीही थांबलं नाही तर एकदा ९५ भरून बघा, आणि मेकॅनिककडून कार्बन नि प्लग तपासून घ्या.

आणि हो, ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ऑक्टेन इथेनॉलमुळे मुळातच ९५ च्या आसपास असतो. जुन्या गाडीत ई२० बाबत पाहायचं ते रबरी पाइप आणि सील; ऑक्टेनची काळजी नको.