रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड: उत्तर जरा लांबलंय

भाऊ, छातीत धडधड, रात्री तीनला जाग, ॲसिडिटी, सगळे रिपोर्ट नॉर्मल, अन् आपण गे आहोत हे घरी माहीत नसताना स्थळं पाहणं सुरू, असं तुम्ही लिहिलंय. माझंच जुनं दुखणं वाचतोय असं वाटलं.

ईसीजी, थायरॉइड झालंय म्हणता, ते सोडतो. मानसशास्त्राचे अभ्यासक इलन मेयर यांनी 2003 मध्ये सविस्तर मांडलेला 'मायनॉरिटी स्ट्रेस', म्हणजे अल्पसंख्य असल्यामुळे येणारा जादाचा ताण, शोधून वाचा. टोमणे, मारहाण, नोकरीतला भेदभाव हा बाहेरचा ताण. आतला वेगळा: कोणी ओळखेल का ही धास्ती, लपवालपवी, स्वतःचीच लाज. नागपुरात बर्डीवर मित्रांसोबत असताना फोन आला की 'तो येतोय'चं 'ती येतेय' करायचं, दिवसभर. शरीर सतत सावध राहतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढतं, झोप अन् बीपी बिघडतात.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक क्लिनिक. नाव लिहीत नाही. "लग्न करा, निवळेल," इथवर ठीक होतं, असे सल्ले नातेवाईकही देतात. पण डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या बाबांना आत बोलावलं अन् मला न विचारता सगळं सांगून टाकलं. वर हार्मोनची तपासणी लिहून दिली, कशासाठी ते देवच जाणे! घरात बोलणं बंद झालं, माझ्या झोपेच्या गोळ्या वाढल्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, अन् लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई. कल 'बदलून देण्याचे' उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले. तरी दुकानं चालूच आहेत.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: पहिल्या भेटीला घरचं कोणी नेऊ नका. आधी फोनवरच विचारा, समलिंगी पेशंट पाहता का, घरच्यांना काय सांगता? उत्तर गुळमुळीत आलं की फोन ठेवा. नागपुरात आपल्यासारख्यांसाठी काम करणारी सारथी ट्रस्ट ही संस्था आहे, त्यांना विचारून पाहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर त्याच रात्री लावा.

मी डॉक्टर नाही. गोळी मनानं बंद करू नका, छातीत कळ येऊन घाम फुटला तर सरळ मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा.

स्थळं मात्र थांबवा. 'प्रमोशन होऊ द्या' हे कारण वर्षभर चालतं, अन् त्या पोरीनं कोणाचं काय वाकडं केलंय? खर्रा खात असाल तर तोही कमी करा. तंबाखूनं धडधड वाढते, अन् आपण ताणाला दोष देत बसतो.