वारली चित्रं म्हणजे फक्त भिंत सजवायची नक्षी आहे का?

नाही हो, मुळात ती लग्नाची चित्रं आहेत. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हारकडे वारली आदिवासींच्या घरात लग्न असलं की कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, हो, लिहितात असंच म्हणतात, आणि हे काम सवासणी बायकांचं. चौकाच्या मधोमध पालघट देवी, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. लग्नाची गाणी म्हणते ती धवलेरी, ती पण बाईच, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई असते, हे मला फार मोठं वाटतं.

१९७० नंतर कागद आला आणि जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे चित्रं जगभर गेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लग्नाव्यतिरिक्त रोजचं जगणं, शेती, मासेमारी, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवती गोल नाचणारी माणसं हे सगळं कागदावर खुललं आणि पुरुषही काढायला लागले.

आता प्रॉब्लेम असा की कॉफी मग, साड्या, कुशन कव्हर सगळीकडे तीच त्रिकोणी माणसं छापलेली, पण पाड्यावरच्या कलाकाराला त्यातलं काही मिळत नाही. जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, तरी मशीनवर छापलेला माल बिनधास्त विकला जातो. घ्यायचंच असेल तर प्लीज कलाकाराकडून हाताने काढलेलं घ्या, भाव पाडू नका आणि चित्रात काय आहे ते त्यांनाच विचारा, खूप छान समजावून सांगतात.