मुजुमदार, मजुमदार आणि मजमुदार

प्रश्न असा आहे: 'मुजुमदार हे आडनाव मुळात बंगाली की मराठी? आणि गावाच्या नावाआधी येणाऱ्या "मौजे"शी त्याचा काही संबंध आहे का?'

मौजेशी संबंध नाही. दोन्ही शब्द अरबीतून आले, पण धातू वेगळे. आडनावातला पहिला भाग 'मजमू', म्हणजे एकत्र केलेले, एकूण बेरीज. जमा, जमाव, जमात, जमाबंदी ही सगळी याच घरची भावंडं. शुक्रवारचा जुम्मासुद्धा, कारण त्या दिवशी लोक नमाजाला एकत्र जमतात. 'दार' हा फारसी प्रत्यय आपल्याला जमीनदार, हवालदार यांतून ओळखीचा आहे. तेव्हा मजमूदार म्हणजे एकूण हिशेब ज्याच्या ताब्यात तो अधिकारी.

म्हणूनच 'बंगाली की मराठी' याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. हे हुद्द्याचं नाव आहे आणि फारसी वळणाचा महसुली कारभार जिथे जिथे होता, तिथे तिथे हा हुद्दाही होता. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या कारभारात मुजुमदार जमाखर्च पाहत. राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, तेव्हा मुजुमदाराचा 'अमात्य' झाला, सुरनीसाचा 'सचिव' आणि डबिराचा 'सुमंत'. मात्र बदल झाला तो वरच्या पदांच्या नावांत. खाली, दरकदारांमध्ये, म्हणजे ठरलेलं सरकारी काम (दरक) सांभाळणाऱ्या हुद्देदारांमध्ये, मुजुमदार पेशवाईतही टिकून राहिला. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस यांच्या पंगतीतला हा माणूस. हिशेब तपासायचा आणि कागदावर आपली खूण करायची, हे त्याचं काम. दरक वंशपरंपरेने चालत गेला आणि हुद्द्याचं आडनाव झालं. पुण्यात शनिवारवाड्याजवळ, कसब्यात, सरदार मुजुमदारांचा वाडा आजही त्याच नावाने ओळखला जातो.

बंगालमध्ये हीच गोष्ट मोगली अमदानीत घडली. नदियाच्या राजघराण्याचे मूळ पुरुष भवानंद मजुमदार हे जहांगीरच्या काळातले. तिथे हे आडनाव ब्राह्मण, कायस्थ, वैद्य आणि मुसलमान अशा सगळ्यांत आढळतं, त्यामुळे नुसत्या आडनावावरून जात किंवा धर्म ओळखायला जाऊ नये. 'ठाकुरमार झुलि' या प्रसिद्ध कथासंग्रहाच्या कर्त्यांचं नाव पाहा: दक्षिणारंजन मित्र मजुमदार. यातलं 'मित्र' हे कुळाचं नाव आणि 'मजुमदार' ही पदवी. पदवीने कुळनावाला पुसून टाकलं नाही, ती त्याच्या शेजारी येऊन बसली. मला या आडनावाच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. आसामच्या बराक खोऱ्यातही चौधरी, लस्कर, बडभुइया यांच्याबरोबर मजुमदार आहेत. कछारी राजांनी दिलेल्या या पदव्या.

आता उच्चाराकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. मूळ 'मजमू' गुजरातीत जवळजवळ जसाच्या तसा राहिला: मजमुदार. बंगालीत 'म' आणि 'उ' यांनी जागा बदलल्या, मजमूचा 'मजुम' झाला. हा वर्णविपर्यय. मराठीत तेवढ्यावर थांबलं नाही. मधल्या उकाराने पहिल्या अक्षरालाही आपल्याकडे ओढलं आणि 'मुजुम' तयार झाला. एका आडनावाची तीन रूपं, आणि रूपावरून साधारण प्रांत सांगता येतो.

साधारणच म्हणायचं, कारण इंग्रजी लेखनाने यात बराच गोंधळ घातला आहे. किरण मजुमदार-शॉ यांना अनेक जण बंगाली समजतात. त्यांचं घराणं गुजराती.

लिहिताना मात्र ज्याचं त्याचं रूप राखावं. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार यांना मराठी पुस्तकांत 'मुजुमदार' करून टाकलेलं दिसतं, ते टाळावं. सिंबायोसिसचे संस्थापक शां. ब. मुजुमदार यांना 'मजुमदार' लिहिणंही तितकंच चूक.