परदेशातून सह्या आणि पत्रं पाठवून तुरुंगातल्या शांतता-कार्यकर्त्याला खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की एका तुरुंगात असलेल्या शांतता-कार्यकर्तीच्या सुटकेसाठी तुम्ही सही केलीत, आणि मग "त्या सरकारला तुझ्या सहीचं काय?" या प्रश्नावर गप्प बसावं लागलं. मी बरीच वर्षं अशी पत्रं लिहिते. बहुतेकांना उत्तर आलेलं नाही. तरीही माझं उत्तर "उपयोग होतो" असंच आहे. फक्त उपयोग म्हणजे सुटकाच, असं धरून चाललात तर लवकर थकाल. कार्ल फॉन ओसिएत्झ्की यांच्यासाठी झालेली मोहीम पाहिली की मला काय म्हणायचंय ते कळेल.

ओसिएत्झ्की बर्लिनच्या 'डी वेल्टब्यूने' या साप्ताहिकाचे संपादक आणि कट्टर युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी हवाई दल ठेवायला बंदी होती. ते गुपचूप उभं केलं जातंय, असा लेख त्यांनी १९२९ साली छापला. त्याबद्दल १९३१ मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. देश सोडून जा, असं मित्र सांगत होते, पण ते गेले नाहीत. १९३२ च्या डिसेंबरमध्ये माफी मिळून सुटले आणि २८ फेब्रुवारी १९३३ ला, संसदेला आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाझींनी त्यांना उचललं. आधी झोननबुर्ग, मग एस्टरवेगेनची छळछावणी.

परागंदा झालेल्या मित्रांनी त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळवून द्यायचं ठरवलं. यातली मेहनत फार कमी लोकांना माहीत असते. नोबेलसाठी नाव कुणीही सुचवू शकत नाही. खासदार, ठरावीक विषयांचे प्राध्यापक, आधीचे विजेते अशांनाच तो अधिकार, आणि तेव्हा मुदत १ फेब्रुवारीची होती. पहिल्या प्रयत्नात ती मुदतच हुकली. मग देशोदेशी अधिकार असलेली माणसं शोधून एकेकाला पत्रं गेली. १९३१ च्या विजेत्या जेन ॲडम्स यांनी नाव सुचवलं. आईनस्टाईन आणि जर्मन लेखक थॉमस मान यांनी नॉर्वेतल्या नोबेल समितीला लिहिलं. ऑस्लोत आसरा घेतलेला जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा विली ब्रांट तिथल्या वर्तमानपत्रांत लिहीत आणि खासदारांना गाठत राहिला. (हेच ब्रांट पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले आणि १९७१ साली त्यांना स्वतःला हे पारितोषिक मिळालं.)

मित्रांमध्ये एक वाद सतत चालू होता, आणि तो आजही प्रत्येक मोहिमेत होतो: आवाज किती करायचा? बाहेर गलका झाला की आत मारहाण वाढेल, ही भीती खोटी नव्हती. म्हणून काही जणी-काही जण मुद्दाम पडद्यामागे राहून, कुठल्याही पक्षाचा शिक्का बसू न देता काम करत होते. मला त्यांचं पटतं.

१९३५ च्या शरद ऋतूत रेड क्रॉसचे कार्ल याकोब बुर्कहार्ट यांनी छावणीत जाऊन ओसिएत्झ्की यांना भेटायचा आग्रह धरला. समोर जो आणला गेला त्याचं त्यांनी पुढे लिहिलेलं वर्णन वाचवत नाही: पांढराफटक, थरथरणारा, एक डोळा सुजलेला, दात पाडलेले, मोडून नीट न जुळलेला पाय ओढत चालणारा माणूस. क्षयही जडला होता. पण जगाचं लक्ष होतं, आणि बर्लिनचं ऑलिंपिक जवळ आलं होतं. मे १९३६ मध्ये त्यांना छावणीतून हलवून बर्लिनच्या पोलीस रुग्णालयात आणलं. छावणीतून बाहेर पडणं ही त्या पत्रांची कमाई होती, असं मी मानते.

नोव्हेंबर १९३६ मध्ये १९३५ चं राखून ठेवलेलं पारितोषिक त्यांना जाहीर झालं. जर्मनीची नाराजी ओढवेल म्हणून नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री कोट आणि माजी पंतप्रधान मोविंकेल आधीच समितीतून बाजूला झाले होते. हिटलरचा मंत्री ग्योरिंग याने स्वतः बोलावून पारितोषिक नाकारायला सांगितलं. इतक्या आजारी माणसाने ते स्वीकारतो असं कळवलं. ऑस्लोला मात्र जाऊ दिलं नाही. रकमेतला मोठा वाटा एका वकिलाने लाटला. जानेवारी १९३७ मध्ये हिटलरने जर्मन नागरिकांना कुठलंही नोबेल घ्यायला बंदी केली. ४ मे १९३८ ला, पहाऱ्यातच, ओसिएत्झ्की वारले. वय ४८.

ते वाचले नाहीत. पण एस्टरवेगेनमध्ये बेनाव मरायचे ते बर्लिनमध्ये, डॉक्टरांच्या हाताखाली, जगाला नाव ठाऊक असताना गेले. मला हा फरक लहान वाटत नाही.

काही वेळा याहून चांगलंही घडतं. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेचं पहिलं तातडीचं आवाहन १९७३ साली ब्राझीलमधले प्राध्यापक लुईझ बाझिलिओ रोस्सी यांच्यासाठी निघालं आणि ते त्याच वर्षी सुटले.

आता तुमच्या सहीबद्दल. सही ठीक, पण स्वतः लिहिलेलं पत्र जास्त वजनदार. आधी त्या कार्यकर्तीच्या घरच्यांना किंवा वकिलाला काय हवंय ते मोहीम चालवणाऱ्यांकडून विचारून घ्या, कारण आवाज वाढवायचा की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. पत्र छोटं आणि सभ्य ठेवा. पूर्ण नाव आणि अटकेची तारीख अचूक घाला. "सोडा" एवढ्यावर थांबू नका. डॉक्टर, वकील, घरच्यांची भेट असं एखादं नेमकं मागा, कारण तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात तेवढं असतं. एक पत्र तिच्या नावानेही पाठवा, त्यात राजकारण नको. आणि तीन महिन्यांनी, बातम्यांत तिचं नाव येईनासं झालं असेल तेव्हा, पुन्हा लिहा.