फायबर बंद पडलंय, घरच्या राउटरला मोबाईलचं नेट देता येतं का?

तुमची फायबर लाईन बंद आहे, फोनवर ५जी झकास चालतंय, तर तेच नेट राउटरला देऊन टीव्ही, कम्प्युटर, प्रिंटर सगळं चालवता येईल का, असं विचारलंय तुम्ही. येतं की. आमच्याकडं मंगळवार पेठेत गटारीसाठी रस्ता खणला आणि जेसीबीनं वायर तोडली, लाईनमन आज येतो उद्या येतो करत अठरा दिवसांनी उगवला, तोवर अख्खं घर फोनवर चाललं.

पहिले दोन दिवस मी नुसता हॉटस्पॉट चालू करून प्रत्येकाला पासवर्ड देत बसलो, ते करू नका. टीव्हीच्या रिमोटनं एकेक अक्षर टाकताना जीव जातो, प्रिंटर नवीन नाव घ्यायलाच तयार नाही, आणि फोन खिशात घालून भाजीला खाली उतरलो की वरनं आईची हाक, अरं मालिका थांबली!

मग माळ्यावरचा जुना राउटर काढला. त्याच्या सेटिंगमधे ऑपरेशन मोड म्हणून असतं, तिथं डब्ल्यूआयएसपी (WISP, म्हणजे राउटर दुसऱ्या वायफायकडनं नेट घेतो) निवडायचं, स्कॅन केलं की तुमचा हॉटस्पॉट दिसतो, त्याचा पासवर्ड टाकला की झालं. कंपनीनं दिलेल्या फायबरच्या डब्यात हा मोड बहुतेक नसतो, म्हणून वेगळा राउटर. त्याला वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच द्या आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा, मग घरातल्या कुठल्याच वस्तूला हात लावायला लागत नाही, सगळी आपोआप जोडली जातात. तिथंच रिपीटर मोडपण दिसेल, तो नको, कारण त्यात प्रत्येक वस्तू फोनकडंच पत्ता (आयपी ॲड्रेस) मागायला जाते आणि बऱ्याच फोनला आठ-दहाच्या वर झेपत नाहीत. डब्ल्यूआयएसपीमधे फोनला दिसतो फक्त राउटर.

मी अडकलो ते स्कॅनला. हॉटस्पॉट दिसेचना, तासभर डोकं फोडलं, तर फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आणि जुन्या राउटरला फक्त २.४ कळतं. हॉटस्पॉटचा बँड २.४ करा. जोडलं गेलं तरी नेट नाही असं झालं तर फोन आणि राउटर दोघांचे पत्ते एकाच रांगेतले असतील, राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा काहीतरी वेगळा करून बघा.

राउटरला यूएसबी पोर्ट असेल आणि त्याला टेदरिंग (फोनचं नेट केबलनं घेणं) चालत असेल तर केबलच बरी, फोन थोडा चार्जपण होत राहतो. फोन मात्र गॅलरीच्या खिडकीत ठेवा, रेंज चांगली मिळते, पण उन्हात नको आणि उशीखाली तर अजिबात नको, लय तापतो.

अजून एक, कम्प्युटरला कळत नाही की वायफायच्या मागं मोबाईलचा डेटा आहे. आमच्या विंडोजनं सकाळी सकाळी अपडेट ओढला आणि दिवसाचे २ जीबी दहा वाजायच्या आत खलास, नंतर स्पीड ६४ केबीपीएसवर आला, त्यात व्हॉट्सॲपचा फोटोपण उघडेना आणि घरच्यांची बोलणी मी खाल्ली. विंडोजच्या वायफाय सेटिंगमधे मीटर्ड कनेक्शन (डेटा मोजका आहे असं कम्प्युटरला सांगणारं बटण) आहे ते आधी चालू करा, मग बाकीचं.