मन वाचणाऱ्या पोरांची रहस्यकथा लिहिताना

चि. लेखिकाबाई,
अ. आ.

प्रकरणं वाचली. वसतिगृह, चार मित्र, रात्रीतून गायब झालेला मुलगा, सगळं झकास. घोळ पुढे आहे. तुझ्या नायिकेला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, तर ती सरळ रेक्टरच्या डोक्यात डोकावून मोकळी का होत नाही? त्यावर तू तिची शक्ती ऐन वेळी घालवलीस. ही पळवाट झाली, आणि चौदा-पंधरा वर्षांचे वाचक ती बरोब्बर पकडतात.

शक्ती राहू दे. फक्त तिला काय कळतं ते ठरव. घडलेलं नाही, समोरच्याला जे घडलं असं वाटतं, तेवढंच. वॉचमन रोज रात्री मागच्या फाटकाला कुलूप घालतो. त्या रात्री राहून गेलं, पण तो शपथेवर सांगेल की घातलं. नायिका त्याच्या मनात शिरली की हाताला किल्ली गार लागेल, कुलपाचा खटका ऐकू येईल. सगळं खरं, फक्त आदल्या रात्रीचं! ती छातीठोकपणे म्हणेल, 'फाटक बंद होतं', आणि तपास भलतीकडे जाईल.

इंग्लंडमधल्या बक्स्टनच्या क्रीरी बहिणींविषयी जरूर वाच. पाद्र्याच्या मुली. 1882 साली लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च ही मन वाचण्यासारख्या गूढ गोष्टी तपासणारी संस्था निघाली, आणि तिथले भले भले विद्वान या पोरींना न पाहिलेले पत्ते ओळखायला लावत आणि थक्क होत. काही वर्षांनी बहिणींच्या आपापसातल्या खुणा उघड झाल्या: नजर वर गेली की बदाम, खाली गेली की चौकट, मध्ये पडदा असला तर पाय घासायचा. मला त्यांची लबाडी फारशी खटकत नाही. एवढी थोर माणसं कौतुकाने समोर बसलेली असताना 'आज काही सुचत नाही' म्हणायची सोय कुठली? तुझ्या चौघांतला एक जण असा कर. शक्ती केव्हाच आटलेली, आणि हा खुणांवर वेळ मारून नेतोय. बाकी तिघं त्याच्यावर विसंबलेत.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले ऱ्हाइन मन वाचण्याची चाचणी ज्यांवर घेत, ते झेनर पत्ते आणलेस, छान. पण 25 पैकी 25 कशाला? पाच चिन्हं, नुसत्या अंदाजानेही सरासरी 5 बरोबर येतात. नायिकेला दर डावात 9 आले तरी सरांची झोप उडेल.

आणि ते तिरप्या ठशातले व्याकरणशुद्ध विचार काढून टाक. कुणाचंही मन निबंध लिहीत नाही.

वॉचमनचा प्रसंग आधी लिहून पाठव. शेवटाचं नंतर बघू.